निमूर बोलला तर मरतो

ती. वहिनी,

वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते. सरळ व्हायला वेळ लागतो, पण ते पत्रात दिसत नाही हे बरं.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? गेल्या पत्रात तुम्ही डावा लिहिला होता आणि त्याच्या आधीच्या पत्रात उजवा, तेव्हा दोघांचीही वेगवेगळी खुशाली कळवावी. जिन्यावरून दुकानात उतरताना कठडा धरत जा. दादाचा रक्तदाब, दादाचा खोकला आणि दादाचा स्वभाव आटोक्यात असतील अशी आशा आहे. निदान पहिले दोन तरी. इकडे मी ठीक. हनुवटीवरचं पुरळ आहे तसंच आहे, पण मुखवट्याच्या गोंदामुळे आलेलं ते पुरळ आता बावीस वर्षांचं झालं, त्याला आजार म्हणणं मी सोडून दिलंय. असो. आता पत्राचं कारण. कारण असं की मी बुडालो.

तुमचं परवाचं पत्र वाचून मला दरदरून घाम फुटला. तुम्ही लिहिलंत की दादाने कोणाशी काही न बोलता एक भला मोठा टीव्ही आणला, दुकानात अक्षरांचा तक्ता जिथे टांगलेला असतो तिथे तो लावला, तक्ता काढून काउंटरमागे ठेवला, आणि दारावर पाटी लावली की शनिवारी संध्याकाळी सहा ते सात डोळे तपासले जाणार नाहीत. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो म्हणे, एका नातेवाइकाचं काम आहे, बघायला या. नातेवाइकाचं! वहिनी, बावीस वर्षांत त्याने मला नातेवाईक म्हटल्याचं हे पहिलंच उदाहरण. तेवढी ओळ मी चार वेळा वाचली आणि मग पत्र उलटं करून ठेवलं. कारण शनिवारी त्या टीव्हीवर काय दिसणार आहे ते मला माहीत आहे, आणि त्याला माहीत नाही.

त्याची अट तुम्हाला मी काय सांगायची, तुम्ही तर दारातच उभ्या होतात, हातात इस्त्रीचे कपडे घेऊन. अप्पांच्या मागे चष्म्याचं दुकान आम्ही दोघांनी चालवायचं ठरलेलं होतं, आणि मी भिंगं घासायचं टाकून एका मालिकेत परग्रहवासी व्हायला निघालो होतो. दादा म्हणाला होता, ‘ज्या दिवशी तिथे तुझ्या तोंडून एक धड वाक्य निघेल, त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन. तोवर मला तोंड दाखवू नकोस.’ मी मनात म्हटलं, हात्तिच्या, एक वाक्य! महिना, फार तर दीड महिना. वहिनी, माणूस शब्दाचा किती पक्का असावा याला काही मर्यादा? तुमच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही दोघं इस्पितळाच्या एकाच बाकावर साडेपाच तास बसलो होतो, आणि त्याला चहा हवा का हे मी त्याला वॉर्डातल्या मावशींमार्फत विचारलं. त्याने त्यांच्यामार्फतच सांगितलं, नको. (आणि मग निम्मा प्यायला. तुम्ही शुद्धीवर नव्हतात म्हणून सांगतोय.)

तुम्ही पत्रात विचारलंत, मी ज्यांच्यातला, ते निमूर म्हणजे चांगल्यातले की वाईटातले? वहिनी, हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. मालिकेच्या लेखकांनीही नाही. तीन कॅप्टन झाले, एका कॅप्टनचा मुलगा पुढे त्याच कॅप्टनचा बाप म्हणून कामाला लागला (कालप्रवासाचा भाग होता), सव्वीस वर्षांत एकशे चार परग्रहांवर यान उतरलं, पण निमूरांच्या ग्रहावर उतरावं असं कोणालाही वाटलं नाही. ते झार्गाथ बघा. कपाळावर तीन शिंगं आणि सतत डाफरणं, एवढंच भांडवल; पण त्यांना स्वतःची भाषा आहे, तिचं व्याकरण आहे, आमच्या गल्लीतल्या एका दंतवैद्याने त्या भाषेत लग्न लावून घेतलं आणि त्याची बायको अजून त्याच्याजवळ राहते. त्यांची खेळणी निघतात, उशांचे अभ्रे निघतात. आणि आम्ही? मालिकेचा सातशे पानी अधिकृत कोश निघाला तेव्हा मी तो पहाटेपासून रांगेत उभा राहून घेतला. त्यात लिहिलंय, ‘निमूर: झार्गाथ पाहा.’ मी झार्गाथ पाहिले. चौतीस पानं आहेत. त्यात निमूर नाहीत.

आमचा जन्मच मुळी सुताराच्या चुकीने झाला. चौथ्या वर्षी महासभेच्या दालनाचा सेट उभा राहिला तेव्हा त्याने सात खुर्च्या जास्त केल्या. रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्यात वाईट दिसतात म्हणून सात जण भरा असं ठरलं, आणि त्या सातांत मी होतो. मुखवटेवाल्याने गाद्यांच्या उरलेल्या फोमचे सात करडे मुखवटे कापले. डोळे केले, गालांवर माशासारखे कल्ले केले, आणि तोंडं सोमवारी करतो म्हणून घरी गेला. शूटिंग शनिवारी होतं. अशा रीतीने, वहिनी, एका अख्ख्या जमातीला तोंड नाही. ते खातात कसं, असं एका शाळकरी मुलीने पत्र पाठवून विचारलं होतं. ते पत्र अजून ऑफिसच्या भिंतीवर आहे, उत्तर कोणाकडेच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो आम्ही दर आठवड्याला दिव्यांच्या उजेडात खात आलो. (आणि हो, डावीकडून दुसऱ्या निमूराची चाल ‘अगदी आपल्या घराण्याची’ म्हणून तुम्ही अकरा वर्षं जे कौतुक करत आलात, तो मी नव्हे. ती क्रमांक पाच, निवृत्त भूगोल शिक्षिका. मी उजवीकडून पहिला. इतकी वर्षं सांगायला धीर झाला नाही.)

पण मी तसाच बसून राहणारा माणूस नव्हे. आमच्याकडे एक बाई आहेत, सगळे त्यांना नोंदवहीबाई म्हणतात. कोण कुठे बसला, कोणाचा पेला अर्धा होता, कोणाच्या बाहीचं बटण उघडं होतं, हे सगळं त्या एका जाड वहीत शाईने लिहितात, म्हणजे पुढच्या भागात चूक होत नाही. वहीत जे आहे ते खरं. बाकी दिग्दर्शक, निर्माता, कॅप्टन सगळे येणारे-जाणारे. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. माझ्या खुर्चीचा उजवा हात मोडलेला होता, म्हणून मी डावीकडे झुकून बसायचो. बाईंनी विचारलं, असं का? मी म्हटलं, निमूर पूर्वजांच्या मानासाठी उजवी बाजू मोकळी सोडतात. त्यांनी लिहून घेतलं. मुखवटा घसरायचा, तो मी दोनदा कपाळाला हात लावून सावरायचो; वहीत ती निमूरांची होकार द्यायची पद्धत झाली. मुखवट्याची मागची चेन उघडी दिसू नये म्हणून आम्ही पाठ फिरवत नव्हतो. वहीत ते आमचं शौर्य झालं. श्वासाने डोळ्यांच्या काचा धुरकटायच्या, म्हणून कॅमेरा दुसरीकडे वळला की सहायक दिग्दर्शक रुमाल हलवायचा आणि आम्ही सातही जण एकदम श्वास सोडायचो. बाई म्हणाल्या, हे काय? मी म्हटलं, सातही निमूरांचा श्वास एकच असतो. त्यांनी वर मान न करता विचारलं, मग एक गेला तर? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, मी म्हटलं, सातही जातात. तेही लिहिलं गेलं. वहिनी, आमच्या जमातीचा सगळा धर्म, इतिहास आणि रीतिरिवाज मोडकी खुर्ची आणि वाईट शिलाई यांतून निघालाय. पण तो मी काढलाय, आणि मला त्याचा अभिमान होता.

आता एक पाप सांगतो. मला तिथे आठ वर्षं झाली तेव्हा क्रमांक तीन म्हणून एक नवीन माणूस आला होता. उंचापुरा, आवाज खर्जातला, वागायला इतका चांगला की रागही धड करता येऊ नये. एकदा मतदानाच्या प्रसंगात दिग्दर्शकाला काय सुचलं कोण जाणे, तो म्हणाला, मागून एखादा निमूर नुसता ‘हं’ म्हणू दे, आणि बोट दाखवलं तीनकडे. आठ वर्षं मी तिथे डावीकडे झुकून माझी कंबर वाकडी केली, आणि ‘हं’ तीनला! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी जेवलो नाही, तडक नोंदवहीबाईंकडे गेलो, आणि म्हटलं, लिहा: निमूर आयुष्यात एकदाच बोलतो, आणि बोलला की मरतो. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. पान दोनशे चौदा. दुपारी त्यांनी ते दिग्दर्शकाला दाखवलं, एका ‘हं’साठी सात जण मारणं परवडणारं नव्हतं, ‘हं’ रद्द झालं. तीनने पुढच्या महिन्यात काम सोडलं. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये आता त्याचाच आवाज आहे. मी चौथ्या मजल्यावर राहतो. दिवसातून चार वेळा तो मला ‘कृपया दारापासून दूर राहा’ असं सांगतो, आणि मी राहतो.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मग यंदा नवी मुख्य लेखिका आली. वय असेल तीस, लहानपणापासून मालिका बघत वाढलेली, आणि (बसून वाचा) तिला निमूर आवडतात. शाळेच्या वहीत ती आमची चित्रं काढायची म्हणे. पहिल्याच दिवशी मेकअपच्या खोलीत येऊन तिने मला ‘सर’ म्हटलं. मी मागे वळून बघितलं, तर मागे आरसा होता. ती म्हणाली, निमूरांवर एक पूर्ण भाग करू या, तुम्ही महासभेत उभे राहून बोलायचं. दीड पान, वहिनी! दीड पान भाषण तिने मला लिहून दिलं. मुखवटेवाल्याने, आता त्याचे केस पांढरे झालेत, माझ्या मुखवट्याला कात्रीने तोंड कापलं आणि म्हणाला, सोमवार उजाडला बुवा एकदाचा. हनुवटीला वारा लागला तेव्हा मला रडू आलं. त्याच आनंदात मी तुम्हाला ते मागचं पत्र लिहिलं आणि तुम्ही ते दादाला वाचून दाखवलंत. त्यात तुमचा दोष नाही. मीच लिहिलं होतं, ‘मोठ्याने वाचा.’ इकडे मी न्हाणीघरात नळ सोडून भाषण पाठ करत होतो, तर खालच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका दोनदा वर येऊन गेल्या, कोणाला मदत हवी आहे का म्हणून.

तीन आठवड्यांपूर्वी वाचनाची बैठक झाली. लांब टेबल, सगळे नट, दिग्दर्शक, लेखिका, आणि टोकाला नोंदवहीबाई. मी भाषणाचं पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं मात्र, बाईंनी हात वर केला. त्यांनी वही उघडली, चष्मा नाकावर सरकवला, आणि पान दोनशे चौदा मोठ्याने वाचलं. मग पान एकशे अठ्ठ्याण्णव, श्वासाचं. मी म्हटलं, सुटलो, आता ही पोरगी वही फेकून देईल. तिच्या डोळ्यांत पाणी! म्हणाली, ‘अगं आई गं, किती सुंदर आहे हे! कोणाला सुचलं?’ बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, ‘जुनं आहे.’ वहिनी, दुसऱ्यासाठी खणलेला खड्डा चौदा वर्षांनीसुद्धा तेवढाच खोल राहतो, हे मला त्या टेबलाशी कळलं. अर्ध्या तासात दीड पानाचं एक वाक्य झालं: ‘आम्ही कायम इथेच होतो.’ ते मी म्हणायचं, सातही निमूरांनी दोनदा कपाळाला हात लावायचा, आणि सगळ्यांनी मरायचं. निर्माता तर खूशच झाला, कारण झार्गाथांना सभेत जागा पुरत नव्हती.

माझं एक मन म्हणत होतं, असू दे. वाक्य ते वाक्य. चार शब्दांचं का असेना, धड आहे, कर्ता आहे, क्रियापद आहे, दादाला नाव ठेवायला जागा नाही. पण मेकअपच्या खोलीत बाकीचे सहा जण बसले होते. क्रमांक दोन सकाळी शाळेची बस चालवतो आणि दुपारी निमूर असतो. सातला नुकत्याच जुळ्या मुली झाल्यात. पाच नंबरच्या बाईंचा तर दुसरा विरंगुळाच नाही. नवरा गेल्यापासून त्या त्या खुर्चीत बसूनच सावरल्या. कोणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. पाच नंबर फक्त म्हणाल्या, ‘नकाशावरून गाव पुसावं तसं पुसलंस रे आम्हाला.’ त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नोंदवहीबाईंकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. म्हटलं, ते दोनशे चौदा खोटं आहे, मी तीनच्या ‘हं’वर जळून लिहायला लावलं, खोडून टाका. त्या म्हणाल्या, मला तेव्हाच माहीत होतं, तू न जेवता आला होतास. मग खोडा ना! तर म्हणाल्या, खोडाखोड चालत नाही. (पहिल्या वर्षी एकदा कोणीतरी वहीत खोडलं होतं, आणि पहिल्या कॅप्टनच्या गालावरचा वण डावीकडून उजवीकडे गेला. दोनशे पत्रं आली. त्यातली तीन वकिलांची होती.) मी त्यांच्यासमोर हात जोडून बसलो. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, ‘वहीत एवढंच आहे की बोलला तर मरतो. नाही बोलला तर काय, ते वहीत नाही.’ एकीकडे सहा जण, दुसरीकडे दादाचा फोन. दगडाखाली हात सापडणं म्हणजे काय ते मला विचारा.

दहा दिवसांपूर्वी शूटिंग झालं. दालन भरलेलं, दिवे लागलेले, सगळे आपापल्या जागी. तिसऱ्या कॅप्टनने प्रश्न विचारला आणि आजवर कधी झालं नव्हतं ते झालं, कॅमेरा सरकत सरकत मागच्या रांगेत, उजवीकडून पहिल्यापाशी आला. मी उठलो. उजवी बाजू मोकळी सोडून उभा राहिलो. कॅप्टन माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बोला.’ आणि वहिनी, मी बोललो नाही. त्या सहा जणांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले, दादाचाही राहिला, आणि मी ओठ मिटून घेतले. पाऊण मिनिट मी तसाच उभा होतो. मग दोनदा कपाळाला हात लावला आणि खाली बसलो. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायचं विसरला. लेखिका हमसून हमसून रडली, म्हणाली, मी लिहिलं होतं त्याहून हे मोठं आहे, हेच ठेवायचं. सगळं दालन टाळ्या वाजवत होतं. सात नंबरने मला उचललं. पाच नंबरनी मुखवट्यासकट मिठी मारली, त्यांचा एक कल्ला माझ्या कल्ल्यात अडकला तो मुखवटेवाल्याने येऊन सोडवला. बाईंनी वहीत लिहिलं, ‘निमूर बोलला नाही. सबब जिवंत.’

तर असे आम्ही वाचलो. वाचून मिळालं काय, ते ऐका. मुखवटेवाल्याने माझ्या मुखवट्याचं तोंड पुन्हा गोंदाने बंद केलं, कारण न बोलणाऱ्याला तोंड कशाला. लेखिका झार्गाथांच्या लग्नाचे दोन भाग लिहायला बसली. सोमवारपासून आम्ही सातही जण पुन्हा मागच्या रांगेत, काचा धुरकटल्या की श्वास सोडतोय. मी आता चोपन्न वर्षांचा आहे. कॅमेरा मागच्या रांगेत यायला बावीस वर्षं लागली. पुन्हा यायला तेवढीच लागली तर मी शहात्तर आणि दादा ब्याऐंशी. फोन वाजला तरी दोघांपैकी एकाला ऐकू येणार नाही. माझ्या नशिबात त्याचा आवाज नाही, वहिनी, हे मी आता धरून चाललोय. तुम्ही मात्र गुडघ्यावर शेक घेत जा आणि थंड फरशीवर अनवाणी फिरू नका.

तुमचा,
धाकटा दीर
(उजवीकडून पहिला)

ता. क. सगळं लिहून झालं, पण मागायचं होतं ते राहिलंच. शनिवारी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कॅप्टन ‘बोला’ म्हणेल. त्या क्षणी तुम्ही कृपा करून दुकानाच्या दारामागचा मेन स्विच खाली ओढा. एक मिनिट थांबा आणि वर करा. मग सगळ्यांदेखत म्हणा, ‘अगबाई, मी वरच्या टीव्हीवर ऐकलं, काय सुरेख बोलला!’ (वरचा टीव्हीही त्याच स्विचवर आहे हे दादाच्या लक्षात येईल, तेव्हा शेजारणीचा म्हणा.) तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत हे मला ठाऊक आहे. पण शब्द दिलाय म्हटल्यावर तो फोन करणारच, आणि मला तेवढंच हवंय.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा उघडलं. वहिनी, तुमच्याशी खोटं बोलून तुम्हाला खोटं बोलायला लावायचं, हे फारच झालं. वर लिहिलंय तसं काही घडलं नाही. म्हणजे कॅप्टन ‘बोला’ म्हणाला, मी उभा होतो, टाळ्या, कल्ला, सगळं खरं. पण मला कोणाचे चेहरे दिसले नाहीत. मी बोलणारच होतो. सहाही जणांना मारून टाकायचं मी सकाळी दात घासतानाच ठरवलं होतं, देवाशपथ. पण तो कॅप्टन, ज्याने नऊ वर्षांत मला कधी ओळख दाखवली नाही, तो माझ्या डोळ्यांत बघून अहोजाहो करत ‘बोला’ म्हणाला, आणि मी वाक्य विसरलो. चार शब्द! पहिला शब्दसुद्धा आठवेना. पाऊण मिनिट मी तिथे घामाने थबथबून आठवत होतो, त्यालाच सगळे त्याग म्हणतात. आता पाच नंबर मला रोज घरून चहा आणून देतात, दोन नंबर बसने घरी सोडतो, सातने एका मुलीचं नाव माझ्या नावावरून ठेवायचं म्हटलंय. मी कोणाला काही सांगितलेलं नाही. चहा घशाखाली उतरत नाही, पण पितो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. स्विचला हात लावू नका. बघू दे त्याला, सगळी गल्ली बघू दे. भाग संपला, लोक हळहळत घरी गेले, की दुकानाचं दार लावा आणि दादाला एकट्याला बसवून वरचा दुसरा ता. क. वाचून दाखवा. हो, तोच. अट वाक्याची होती, वाक्य निघालेलं नाही, मला सगळं मान्य. पण चार शब्द विसरलो हे ऐकून त्याला गप्प राहवणार नाही. चुकीच्या नंबरचा चष्मा घातलेला अनोळखी माणूस रस्त्यात दिसला तरी तो त्याला थांबवून झापतो. मी तर सख्खा भाऊ आहे. नुसतं ‘गाढवा’ म्हणून फोन आपटला तरी मला पुष्कळ झालं. शनिवारी सातपासून मी घरीच आहे. नंबर तोच आहे, बावीस वर्षांत मी तो बदलू दिलेला नाही. मी उचलीन, पण सुरुवात त्यालाच करू दे. मला ऐनवेळी काही सुचत नाही.